एकच नाव, वेगळ्या वाटा : नामसाम्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी, जयंती-पुण्यतिथीला चार ओळी लिहिणारे वाचक, जुनी गाणी आणि जुने सिनेमे शोधणारे रसिक, सगळ्यांची एक गाठ हमखास पडते : नाव तेच, पण माणूस दुसराच. नेहमी येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. ज्या नावांत सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तरं लांबली आहेत.

शेतकरी नेते शरद जोशी आणि हिंदी व्यंगलेखक शरद जोशी एकच का?

नाही, आणि हा घोळ सर्वांत जास्त होतो. दोघांच्या जन्मात जेमतेम चार वर्षांचं अंतर, दोघांनी सरकारी नोकरी सोडली, दोघांच्या लेखणीला धार होती आणि दोघांनी सरकारी यंत्रणेला सळो की पळो करून सोडलं.

हिंदीतले शरद जोशी २१ मे १९३१ रोजी उज्जैनला जन्मले. मध्य प्रदेश सरकारच्या माहिती खात्यातली नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईत आले. 'नवभारत टाइम्स'मधलं त्यांचं 'प्रतिदिन' हे सदर वाचकांच्या रोजच्या सवयीचं झालं होतं. कविसंमेलनाच्या मंचावर ते चक्क गद्य वाचायचे आणि टाळ्या घ्यायचे. 'ये जो है ज़िंदगी' ही दूरदर्शन मालिका ज्यांना आठवते, त्यांनी त्यांचे संवाद ऐकलेले आहेत. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ५ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आपले शरद जोशी ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्याला जन्मले. भारतीय टपाल सेवेत अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथल्या जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन राहिले. शेती करून पाहिल्यावर हिशेब कुठे चुकतो ते त्यांना दिसलं आणि त्यातून कांद्याचं आंदोलन, शेतकरी संघटना, ऊस, निपाणीचा तंबाखू असा पुढचा सगळा इतिहास घडला. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा याच संघटनेची. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम आली : नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. २००४ ते २०१० ते राज्यसभेत होते. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयक तिथे १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं, तो एक म्हणजे शरद जोशी. बाईच्या नावावर सातबारा व्हावा म्हणून गावोगाव फिरलेला माणूस त्या विधेयकाच्या विरोधात उभा राहिला, याचं कोडं पडत असेल तर त्यांची भाषणं मुळातून वाचा. विरोध बायकांना जागा मिळण्याला नव्हता, जागा ठरवण्याच्या पद्धतीला होता. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात ते गेले.

घोळ घट्ट व्हायला आणखी एक गोष्ट कारण आहे. व्यंगलेखक जोशींची एक गाजलेली रचना शेतीवरच आहे, 'जीप पर सवार इल्लियाँ'. हरभऱ्यावर अळी पडल्याची बातमी येते, कृषी खात्याचा अधिकारी जीप घेऊन पाहणीला निघतो, शेतात उतरून हिरवा हरभरा सोलून खातो, वर जीपमध्ये भरूनही घेतो, आणि खरी अळी कोणती ते वाचकाला कळून चुकतं. लेखकाचं नाव शरद जोशी म्हटल्यावर मराठी वाचकाला हे आंबेठाणच्या जोशींचंच वाटतं. त्यांनीही ते आनंदाने आपलं म्हटलं असतं, पण ते त्यांचं नाही.

सुलोचना नेमक्या किती?

सिनेमा-संगीताच्या जगात ठळक अशा तीन. तिघींची कारकीर्द स्वतंत्र लिहावी अशी आहे, म्हणून 'सुलोचनाबाई' एवढंच लिहून मोकळं होणं हा तिघींवरही अन्याय आहे.

पहिल्या मूकपटाच्या काळातल्या. खरं नाव रूबी मायर्स, बगदादी ज्यू घराण्यातल्या, जन्म १९०७ चा, पुण्याचा. सिनेमात येण्याआधी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये त्यांनी आठ वेगवेगळी रूपं घेतली. मूकपटातून बोलपट आला तेव्हा हिंदुस्तानी भाषा नीट येत नाही म्हणून त्यांना थांबावं लागलं. त्या भाषा शिकून परत आल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांचा.

दुसऱ्या सुलोचना लाटकर, सगळ्यांच्या सुलोचनादीदी. जन्म १९२८ चा, बेळगाव भागातल्या खडकलाटचा. घरचं नाव रंगू. कोल्हापूरला भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्या तयार झाल्या आणि सुलोचना हे नावही त्यांना भालजींनीच दिलं. 'वहिनीच्या बांगड्या', 'मोलकरीण', 'एकटी' ही नावं घेतली की डोळ्यांसमोर त्याच येतात. 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये त्यांनी उभी केलेली जिजाऊ पाहिल्यावर पुढची कितीतरी वर्षं लोकांच्या मनातल्या जिजाऊला त्यांचाच चेहरा होता. हिंदीत त्यांनी नायकांच्या आईच्या भूमिका एवढ्या केल्या की पडद्यावरची आई म्हणजे सुलोचना असं समीकरणच झालं. महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांना २००९ चा.

तिसऱ्या सुलोचना चव्हाण, माहेरच्या कदम. जन्म १९३३ चा, मुंबईचा. त्या गायिका. 'सोळावं वरीस धोक्याचं', 'तुझ्या उसाला लागंल कोल्हा', 'पाडाला पिकलाय आंबा', 'खेळताना रंग बाई होळीचा', सगळी त्यांचीच. पती श्यामराव चव्हाण यांनी त्यांच्याकडून लावणीचे उच्चार, ठसका आणि शब्दांवरचं वजन घोटून घेतलं. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं. बैठकीला बसताना डोक्यावरून घेतलेला पदर कधी ढळू न देता त्यांनी लावणी गायली. हातवारे नाहीत, नखरा नाही. जे काही शृंगाराचं असेल ते नुसत्या आवाजातून. त्यांचं जुनं चित्रण मिळालं तर एकदा आवाज बंद करून पाहा, समोर कीर्तनाला बसलेली घरंदाज बाई दिसते. मग आवाज सुरू करा.

लाटकरांना पद्मश्री १९९९ ची, चव्हाणांना २०२२ ची. चव्हाण १० डिसेंबर २०२२ रोजी गेल्या आणि लाटकर ४ जून २०२३ रोजी. सहा महिन्यांचंही अंतर नाही. श्रद्धांजलीची पोस्ट पुढे पाठवताना फोटो कोणाचा आणि गाण्यांची यादी कोणाची, एवढं बघायला अर्धा मिनिट पुरतो.

जुन्या ध्वनिमुद्रिकेवर 'सुलोचना कदम' दिसलं तर त्या लग्नाआधीच्या सुलोचना चव्हाणच.

'बाळ गंगाधर' म्हटलं की टिळकच ना?

बहुतेक वेळा. पण या दोन शब्दांनी सुरू होणारी आणखी दोन मोठी नावं आहेत आणि तिन्ही कोकणातली, आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या टापूतली.

बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर १८१२ चे, पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' सुरू केलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. एका बाजूला इंग्रजी, शेजारी मराठी. म्हणूनच ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन असतो. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे, १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून आणणारे हे गृहस्थ १८४६ मध्ये पस्तिशीही न गाठता गेले.

त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी टिळकांचा जन्म. पाळण्यातलं नाव केशव, बाळ हे घरातलं, तेच पुढे जगाने घेतलं. तेही पत्रकार, त्यामुळे परीक्षेत 'बाळ गंगाधर' आणि 'वृत्तपत्र' हे दोन शब्द एकत्र दिसले की घाईघाईत 'केसरी'वर खूण होते. 'केसरी' १८८१ चा. 'दर्पण' त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधीचं.

तिसरे बाळ गंगाधर खेर, म्हणजे बाळासाहेब खेर. जन्म १८८८, रत्नागिरी. पेशाने सॉलिसिटर. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं तेव्हाचे पंतप्रधान (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा हाच शब्द होता), पुन्हा १९४६ ते १९५२, आणि नंतर लंडनला भारताचे उच्चायुक्त. एवढी मोठी कारकीर्द असून आज त्यांचं नाव पटकन कोणाला आठवत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आनंदीबाई, रमाबाई, लक्ष्मीबाई : यांत कोण कोणत्या?

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर लग्नात बदललेल्या नावांपासून सुरुवात करावी लागते.

डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुनाच, कुर्लेकरांची. म्हणजे एकाच काळातल्या दोन यमुना, एक सासरी आनंदी झाली आणि एक रमा. महर्षी कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई माहेरच्या गोदूबाई, पुढे सगळ्यांच्या बाया. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मनकर्णिका तांबे, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. माहेरचं नाव सारखं, सासरचंही सारखं. एकीने १८५८ मध्ये घोड्यावरून लढत प्राण दिला, दुसरी त्यानंतर दहा वर्षांनी जन्मली आणि मराठीतलं सर्वांत सुंदर आत्मचरित्र लिहून गेली. हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराने रचला असता तर वाचकांनी मानला नसता.

आता रमाबाई. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) माहेरच्या डोंगरे. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक. रमाबाई रानडे (निधन १९२४) पुण्याच्या सेवासदनाच्या. रमाबाई आंबेडकर (१८९८–१९३५) म्हणजे माता रमाई. आणि पेशवाईतल्या रमाबाई थोरल्या माधवरावांच्या, थेऊरला सती गेलेल्या.

यांतल्या पहिल्या दोघींची गल्लत सगळ्यात जास्त होते आणि त्याला कारणही आहे : त्या एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या. पंडिता रमाबाई १८८२ च्या सुमारास पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि रानड्यांच्या घरातली तरुण सून तिथे जाऊ लागली. घरातल्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. ते टोमणे आणि तो अबोला रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त स्वतः लिहून ठेवला आहे.

नावांची ही गुंतागुंत पंडिता रमाबाईंपाशी येऊन सुटते. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा तिथे दाखल झालेल्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. म्हणजे दोन्ही आनंदीबाईंच्या आयुष्यात एकच रमाबाई आहे. या बायकांना नुसत्या यादीतून पाठ करू नका, एकमेकींच्या संदर्भात वाचा, मग घोळ होणारच नाही.

'ध चा मा' जिच्या नावावर चिकटला ती आनंदीबाई राघोबादादांची पत्नी, शंभर वर्षं आधीची.

मोरोपंत कोण? पेशवे की कवी?

दोघेही, आणि आणखी दोन.

मोरोपंत त्रिंबक पिंगळे हे शिवाजी महाराजांचे पेशवे. प्रतापगडाचं बांधकाम त्यांच्या देखरेखीखाली झालं, १६७२ च्या साल्हेरच्या लढाईतही ते होते. मोरोपंत रामचंद्र पराडकर (१७२९–१७९४) हे कवी, जन्म पन्हाळ्याचा, आयुष्य बारामतीत. 'आर्या' या वृत्तातल्या रचनांचे राजे. 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो' ही 'केकावली'तली ओळ शाळेत म्हटली नाही असा मराठी माणूस विरळा. तिसरे मोरोपंत पिंगळे विसाव्या शतकातले, नागपूरचे, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक. १९८३ च्या एकात्मता यात्रेच्या आखणीत ते पुढे होते, २००३ मध्ये गेले. शिवकालातले पिंगळे आणि हे पिंगळे यांच्यात तीनशे वर्षं आहेत, तरी आडनावही तेच असल्याने शोधताना दोघांची पानं एकमेकांत मिसळतात.

चौथे मोरोपंत तांबे, वर आलेल्या मनकर्णिकेचे, म्हणजे झाशीच्या राणीचे वडील.

भालजी पेंढारकर आणि भालचंद्र पेंढारकर वेगळे आहेत का?

वेगळे आहेत, जरी भालजींचं खरं नाव भालचंद्रच होतं. भालचंद्र गोपाळ पेंढारकर म्हणजे चित्रपटवाले भालजी. कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ, 'छत्रपती शिवाजी', 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जळीतात स्टुडिओची राख झाली, तरी ते पुन्हा उभे राहिले. १९९१ चा फाळके पुरस्कार त्यांचा, निधन १९९४.

भालचंद्र व्यंकटेश पेंढारकर म्हणजे संगीत रंगभूमीवरचे अण्णा (१९२१–२०१५). 'ललितकलादर्श' या नाटक कंपनीचे मालक, नट, गायक. 'दुरितांचे तिमिर जावो'मधलं 'आई तुझी आठवण येते' हा त्यांचा आवाज. 'पंडितराज जगन्नाथ'ही त्यांचंच.

इथे घोळ एवढ्यावर थांबत नाही. भालजींचे थोरले बंधू बाबूराव पेंढारकर, चित्रपटातले मोठे नट. अत्र्यांच्या 'महात्मा फुले'त जोतिबा झाले ते हेच. आणि अण्णांचे वडील बापूराव पेंढारकर, केशवराव भोसल्यांच्या निधनानंतर 'ललितकलादर्श' सांभाळणारे, १९३७ मध्ये गेलेले. बाबूराव आणि बापूराव, भालजी आणि भालचंद्र. एका अक्षराने इकडचा माणूस तिकडे जातो. मी एक सोपी खूण धरली आहे : बापूराव-भालचंद्र ही बापलेकांची जोडी नाटकाची, बाबूराव-भालजी ही भावांची जोडी सिनेमाची.

तिसरं पेंढारकर घर कवितेचं : यशवंत दिनकर पेंढारकर, म्हणजे कवी यशवंत. 'स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी' हे त्यांचं. आईवरचं मराठीतलं सर्वांत गाजलेलं नाट्यगीत एका पेंढारकरांनी गायलं आणि सर्वांत गाजलेली कविता दुसऱ्या पेंढारकरांनी लिहिली, तेव्हा ते गाणंही कवी यशवंतांच्या नावावर टाकण्याचा मोह होऊ शकतो. टाकू नका.

आमदार राम कदम हेच 'पिंजरा'चे संगीतकार का?

नाही. 'छबीदार छबी' आणि 'दे रे कान्हा चोळी अन् लुगडी'चे राम कदम मिरजेचे, ते १९९७ मध्ये गेले. आमदार राम कदम मुंबईच्या घाटकोपर पश्चिमचे, २००९ पासून विधानसभेत.

असंच वसंत पवारांचं. 'सांगत्ये ऐका'चे (१९५९) संगीतकार वसंत पवार, 'बुगडी माझी सांडली गं'ची चाल त्यांची. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला, त्यात या चालीचा वाटा केवढा होता हे वेगळं सांगायला नको. नाशिकचे डॉ. वसंत पवार डॉक्टर आणि खासदार. नाशिकच्या वैद्यकीय महाविद्यालयाला नाव आहे ते या डॉक्टरांचं.

विजय पाटील नावाचे संगीतकार होते म्हणतात, ते कोण?

'राम-लक्ष्मण'मधले लक्ष्मण. नागपूरचे विजय काशिनाथ पाटील. दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'पासून (१९७५) जोडी जमली, पण जोडीदार राम लगेच पुढच्या वर्षी वारले. विजय पाटलांनी जोडीचं नाव मात्र शेवटपर्यंत ठेवलं, 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'लाही तेच. २०२१ मध्ये ते गेले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमशी आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाशी जोडलेले विजय पाटील निराळे.

आप्पासाहेब पवार इतिहासकार होते की शेतीतज्ज्ञ?

इतिहासकार डॉ. आप्पासाहेब गणपतराव पवार, १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं तेव्हाचे पहिले कुलगुरू. 'ताराबाईकालीन कागदपत्रे' संपादित केली ती त्यांनी. शेतीवाले आप्पासाहेब म्हणजे दिनकरराव गोविंदराव पवार, शरद पवारांचे थोरले बंधू. बारामतीच्या जिरायती भागात पाणी अडवणं, ठिबक सिंचन, कृषी विकास प्रतिष्ठान हा त्यांचा उद्योग. आप्पासाहेब, दादासाहेब, भाऊसाहेब, नानासाहेब ही हाक आहे, नाव नव्हे, आणि महाराष्ट्रात ती घरोघरी आहे. लेखात ती वापरायची असेल तर निदान एकदा मूळ नाव लिहावं.

मराठीत हे एवढं का होतं?

मुख्य कारणं दोन. पहिलं, नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. पेशव्यांची वंशावळ पाहा : बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव, त्यांचे पुत्र पुन्हा बाळाजी. थोरल्या बाजीरावांचे नातू दुसरे बाजीराव. घरोघरी असंच चालायचं.

दुसरं, आडनावं. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, देशमुख ही मुळात वतनं. जिथे गाव तिथे पाटील, त्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली हजारो घरं एका आडनावाची झाली. त्यात विजय किंवा वसंत हे नाव एखाद्या पिढीत लोकप्रिय झालं की सारखी नावं निघणारच.

यावरचा उपाय आपल्याकडे आधीपासून आहे. आपण मधे वडिलांचं नाव लावतो. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने गाठ सुटते, आणि नेमकं तेच आपण आजकाल गाळतो. माझं ठाम मत आहे की चरित्रात्मक नोंदीत, स्मृतिलेखात, शाळेच्या फलकावर पूर्ण नाव आलंच पाहिजे.

आद्याक्षरं लिहिली तर चालतील का?

चालतील, पण डोळे उघडे ठेवून. पु. ल. आणि पु. य. दोघेही पुरुषोत्तम देशपांडे, दोघांनाही साहित्य अकादमी पुरस्कार. पु. ल. देशपांड्यांना 'व्यक्ती आणि वल्ली'साठी, नागपूरच्या पु. य. देशपांड्यांना त्याआधी 'अनामिकाची चिंतनिका'साठी. ह. ना. आपटे म्हणजे हरि नारायण, 'पण लक्षात कोण घेतो'चे. अक्षरं उलटली की ना. ह. आपटे, म्हणजे नारायण हरी. त्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून प्रभातचा 'कुंकू' निघाला. गांधीहत्येच्या खटल्यात १९४९ मध्ये फाशी गेलेला नारायण आपटे हा तिसराच, नारायण दत्तात्रय. सज्जन कादंबरीकाराच्या माथी हे ओझं नुसत्या नावामुळे येऊ नये, म्हणून इथे आद्याक्षर सोडूच नका.

वि. का. राजवाडे म्हणजे विश्वनाथ काशिनाथ, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' जमवण्यासाठी गावोगावची दप्तरं धुंडाळणारे इतिहासाचार्य. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ, संस्कृतचे प्राध्यापक, वेदातल्या शब्दांचा उलगडा करणाऱ्या यास्काच्या निरुक्ताचे भाषांतरकार. मराठीत वि. का. आणि वै. का. असा मात्रेचा तरी फरक दिसतो. रोमन लिपीतल्या सूचीत दोघांची अक्षरं सारखीच होतात आणि मग वेदविद्येचा ग्रंथ इतिहासाचार्यांच्या खात्यावर जमा होतो.

अरविंद गोखले या नावाचंही तसंच. नवकथेतले अरविंद गोखले (१९१९–१९९२) शेतीशास्त्राचे प्राध्यापक. 'केसरी'चे माजी संपादक आणि पाकिस्तानचे अभ्यासक अरविंद गोखले पत्रकार, लेखाखाली 'अरविंद व्यं. गोखले' असं लिहिणारे. ते 'व्यं.' फार मोलाचं आहे.

नाव एक आणि व्यवसायही एकच असेल तर?

मग वर्षं आणि कामं पाहायची. 'दोघी' आणि 'दिल चाहता है'च्या सोनाली कुलकर्णी थोरल्या, 'नटरंग' आणि 'हिरकणी'च्या धाकट्या. धाकट्या सोनालींनी रोमन स्पेलिंग बदलून घेतलं आहे, पण देवनागरीत दोघी एकाच नावाने उभ्या राहतात, म्हणून चित्रपटाचं नाव जोडल्याशिवाय इलाज नाही. राजकारणात दोन जयंत पाटील : इस्लामपूरचे जयंत राजाराम पाटील आणि अलिबागचे, शेतकरी कामगार पक्षाचे जयंत प्रभाकर पाटील.

पुण्याची निवडणूक अभिनेते मोहन जोशींनी लढवली होती का?

नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यातून काँग्रेसतर्फे गिरीश बापटांविरुद्ध उभे होते ते माजी विधान परिषद सदस्य मोहन जोशी. अभिनेते मोहन जोशी अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्ष होते, त्यामुळे निवडणूक आणि मोहन जोशी हे शब्द त्यांच्याही बातमीत जवळजवळ येतात. १९८४ च्या 'मोहन जोशी हाज़िर हो!' या हिंदी चित्रपटात मात्र या दोघांपैकी कोणीही नाही. त्यातला चाळीच्या दुरुस्तीसाठी घरमालकाशी कोर्टात झगडणारा म्हातारा मोहन जोशी हे पात्र आहे आणि ते केलंय हिंदी लेखक भीष्म साहनींनी.